येवल्याहून बंद केलेली मोटर

पंचेचाळिशीत बाई शहाणी होते म्हणतात. मी नुसतीच हुशार झाले होते.

अंबडच्या एका कारखान्यात मशीनं चालवणारे प्रोग्राम लिहायचे आणि घरी येऊन तोच उद्योग घरावर करायचे. फाटकावरचा दिवा, गीझर, पाण्याची मोटर, सगळं मी कॉम्प्युटरला जोडलं होतं. अडचण एकच: हुकूम सोडायला त्याच कॉम्प्युटरसमोर बसावं लागे. मोटर लावायची तर आमचे हे उठून माझ्या खोलीत येत. "पूर्वी बटण दाबायचो, आता दरबारात अर्ज करतो," म्हणत.

म्हणून लेकीच्या लग्नाच्या धामधुमीत (हो, मुहूर्त तोच सापडला) मी त्या प्रोग्रामच्या पोटातच वेब सर्व्हर घातला. म्हणजे कुठल्याही गावच्या कॉम्प्युटरवरून आमचा इंटरनेटवरचा आकड्यांचा पत्ता टाकला, की आमचं घर स्वतःहून एक पान पाठवणार: मोटर चालू की बंद, गच्चीवरची टाकी किती भरली, आणि खाली एकच बटण, 'बदला'. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. एका बटणात दोन कामं! स्वतःचीच दृष्ट काढावीशी वाटली.

दुसऱ्याच दिवशी घराला कुलूप लावून आम्ही तिघं येवल्याला निघालो. विहीणबाईंची पैठणी घ्यायची राहिली होती. एसटीतून उतरले आणि एकदम आठवलं. टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हायची सोय मी चाचणीसाठी काढून ठेवली होती, आणि मोटर सकाळपासून चालूच होती.

"अहो, खालच्या टाकीतलं सगळं पाणी वर जाऊन गटारात जाईल."

"आणि नळाला पाणी परवा," हे म्हणाले. "उद्या घरभर पाहुणे. त्यांना आंघोळीला तुझा प्रोग्राम दे."

लेकीने नुसतं माझ्याकडे बघितलं. ते जास्त लागलं.

पैठणी राहिली बाजूला, आम्ही सायबर कॅफे शोधला. नातेवाइकांचे वाढदिवस विसरणाऱ्या मला घराच्या पत्त्याचे आकडे मात्र तोंडपाठ. पान उघडलं: मोटर चालू. 'बदला' दाबलं. पुढचं पान येता येईना. मी पुन्हा दाबलं. तरी नाही. मग मी जी बडवायला लागले, की कॅफेवाला म्हणाला, "मावशी, कीबोर्ड आमचा हाय."

शेवटी त्याच्याच फोनवरून शेजारच्या वहिनींना फोन लावला.

"वहिनी, आमची मोटर वाजतेय का हो?"

"अहो ताई, काय झालंय तिला? घडीत चालू, घडीत बंद! कुलूपबंद घरात भूत शिरलंय, आणि तेही पाणी भरणारं."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पान उशिरा येत होतं, हुकूम मात्र प्रत्येक वेळी पोचत होता. मी बंद करत होते आणि मीच चालू करत होते.

"आत्ता काय आहे?"

"थांबा हं..." वहिनी रिसीव्हर बाजूला ठेवून कुंपणापर्यंत जाऊन आल्या. "आत्ता बंद आहे."

मी दोन्ही हात वर केले, पोलीस आल्यासारखे. "आता कुणी कशाला हात लावू नका!"

हे इतके हसले, की कॅफेवाल्याने त्यांना पाणी दिलं.

पैठणी घेतली, पण रंग मला आठवत नाही. घरी आल्यावर चपलांसकट धावत जाऊन खालच्या टाकीचं झाकण उचललं. अर्धी टाकी शिल्लक होती. त्या काळोख्या पाण्यात माझं तोंड दिसलं, आणि लेक मागून म्हणाली, "आई, आता तरी श्वास सोड."

मोटरच्या स्टार्टरवर एक हिरवं बटण असतं, एक लाल. लाल दहादा दाबलं तरी मोटर बंदच राहते. जन्मभर समोर असलेली ही अक्कल मी त्याच संध्याकाळी पानावर आणली: एक हिरवं, एक लाल. भरली की थांबायची सोयही परत जोडली.

लग्नात विहीणबाईंचे पाय धुवायला पाणी पुरलं. मी जरा जास्तच ओतलं.

त्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयात निघताना वहिनींनी कुंपणावरून विचारलं, "ताई, लाल दाबलं ना?"

"दाबलं."

"परत दाबा बघू."

मी आत जाऊन पुन्हा दाबून आले. मग उगाचच आणखी एकदा.