लाखपुरीच्या पुढं न जाणारी गाडी

मे महिन्यात अमरावतीहून मूर्तिजापूरला स्वखुशीनं कुणी जात नाही. मी गेले, कारण गुरुवारी सकाळी शेषराव मामांचा फोन आला आणि हॅलो म्हणायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली, "तुह्या त्या लिनक्सनं माही पार इज्जत घेतली वं बाई!"

मामा म्हणजे माझ्या आईचे मोठे भाऊ. शकुंतलेवर, म्हणजे आमच्या मूर्तिजापूर–अचलपूर छोट्या गाडीवर, तीस वर्षं गार्ड होते. आता ती गाडी बंद आहे आणि मामा निवृत्त आहेत. पण स्वस्थ बसतील ते मामा कसले. दोन वर्षं खपून, फुकटच्या सॉफ्टवेअरवर, त्यांनी तो अख्खा प्रवास कॉम्प्युटरवर उभा केलाय. स्टेशनं, पूल, फाटकं, रुळावर येऊन बसणाऱ्या म्हशीसुद्धा. त्याला फिल्म म्हटलं की त्यांना राग येतो. 'गाडी' म्हणायचं. ही गाडी खऱ्या वेळेत चालते, म्हणजे अचलपूरला पोचायला चार तास. "जरा स्पीड वाढवा ना मामा" म्हटलं तर म्हणाले, "शकुंतलेची स्पीड वाढवणारी तू कोन?"

आणि त्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकटची सिस्टिम घातली कोणी? मी. अमरावतीत एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते, त्यामुळे नातेवाइकांत माझं वजन आहे. "फुकट आहे मामा, व्हायरस येत नाही, हँग तर होतच नाही," असं मी याच तोंडानं सांगितलं होतं.

तर भानगड अशी. ही गाडी मामांनी ज्यांच्यासाठी बनवली ते म्हणजे उस्मानभाई, त्याच शकुंतलेचे ड्रायव्हर. पुढं इंजिनात हे, मागं डब्यात मामा, अशी तीस वर्षांची जोडी. दोनदा मामांनी त्यांना बोलावलं आणि दोन्ही वेळा लाखपुरी स्टेशन यायच्या बेताला स्क्रीन काळी. एकटे बघतात तेव्हा गाडी सरळ अचलपूरला जाते. तिसऱ्यांदाही तसंच झालं आणि मामांच्या तोंडून निघून गेलं, "उस्मान, तूच पनवती हायेस बे." उस्मानभाई उठले, चपला घातल्या आणि गेले. त्याला आठ दिवस झाले होते. सोमवारी ते मूर्तिजापूर सोडून कायमचे लेकीकडे हैदराबादला चाललेत.

"सोमवारच्या आधी चालली पायजे," मामा म्हणाले. मग म्हणाले, "तो असा रुसून गेला तं मले करमनार नाई."

शुक्रवारी सुट्टी टाकली. निघायच्या आधी राजकमल चौकाकडं गिला वडा खाल्ला. ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते, पोटभर खाऊ नका, पुढं उन्हात झोप येते. तिथून ऑटोनं बडनेरा आणि बडनेऱ्याहून पॅसेंजरनं मूर्तिजापूर. तिकीट वड्यापेक्षा स्वस्त पडतं. एसटीनं गेलात तर बायकांना अर्धं तिकीट आहे, पण मेमध्ये एसटीच्या खिडकीचा लोखंडी दांडा हाताला लागला तर वाचलेल्या पैशाचं मलम आणावं लागतं. पॅसेंजरच घ्या.

मामांचं घर स्टेशनपासून पायी दहा मिनिटं. मामींनी दारातच पाणी दिलं आणि पंख्याखाली बसवलं. कोपऱ्यातला कूलर बंद होता. मी त्याच्याकडं फार आशेनं पाहिलं.

"तो पाव्हण्यासाठी हाय माय," मामी म्हणाल्या. "नळ आठ दिवसांनं येते. कूलर दोन बादल्या पाणी पेते. तू तं घरची हायेस."

घरचं असण्याचा इतका पश्चात्ताप मला कधी झाला नव्हता.

कामाला बसले. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॉम्प्युटर आणि त्यातलं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड यांच्यात एक दुभाषा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्सवर स्क्रीन काळी पडली की शंभरातल्या नव्वद जणांना या दुभाष्याचाच संशय येतो. मलाही आला. (ड्रायव्हर या शब्दावर करता येण्याजोगे सगळे विनोद उस्मानभाई आणि मामांनी पहिल्याच दिवशी संपवून टाकले होते, तेव्हा तुम्ही कॉमेंटमध्ये करू नका.) सिस्टिमच्या नोंदी उघडल्या. तिन्ही वेळा एकच ओळ होती. ग्राफिक्स कार्डाचा संपर्क अचानक तुटला, सापडत नाही. मग मी नवा ड्रायव्हर काढून जुना घातला. जुना काढून कंपनीचा सोडून मोफतवाला घातला. तो घातल्यावर शकुंतला इतकी अडखळायला लागली की मामा म्हणाले, "हे मातर एकदम खरं वाटून राह्यलं." पुन्हा कंपनीचा घातला. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तोही एक आवृत्ती मागं नेला.

मामा बाजूला एक वही घेऊन उभे होते. "म्या सगळं लिवलं हाय, टायमासकट. वाच नं."

"मामा, मशीन स्वतः लिहून ठेवतं. तुमच्या वहीची गरज नाही," मी म्हटलं. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ठेवावं लागलं.

दुपारपासून गाडी लावली. लाखपुरी गेली, बनोसा गेलं, अंजनगाव गेलं. अचलपूर आलं तेव्हा दिवेलागण झाली होती, गल्लीतली आठ-दहा माणसं दारात जमली होती आणि टाळ्या पडल्या. मी नमस्कारबिमस्कार केला. मामा मात्र खिन्न.

"पाह्यलं? उस्मान नाई तं चालते."

"मामा, तुम्ही सरकारी नोकरी केलेली माणसं! पनवती वगैरे कसलं मानता?"

"म्या कायले मानू? मशीन मानून राह्यली."

शनिवारी सकाळी मी सरळ उस्मानभाईंचं घर गाठलं. अंगानं भरभक्कम माणूस. गोणपाटात भांडी बांधत बसले होते आणि घामानं निथळत होते. मी आल्याचं कारण सांगितलं.

"मी येऊन काय करू बेटा? मी तो पनवती आहे ना?"

"म्हणूनच या," मी म्हटलं. "मी ड्रायव्हर बदललाय. आता तुम्ही बसलात आणि गाडी चालली, की मामांचं तोंड बंद."

हे मात्र त्यांना पटलं. "शेषरावचं तोंड बंद होत असंन तं येतो," म्हणाले.

बारा वाजता आले. मामा आणि ते एकमेकांशी बोलले नाहीत, दोघंही माझ्याशी बोलले. गाडी सुटली. मामींनी चहा आणला. उस्मानभाई स्क्रीनकडं न बघण्याचं नाटक करत बघत होते. चहा संपला तसा मामींनी कूलर सुरू केला, आणि काय सांगू, दोन दिवसांत पहिल्यांदा अंगाला वारा लागला! वरचा पंखा क्षणभर अडखळला, पण मे महिन्यात काय अडखळत नाही. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर स्क्रीन काळी.

आम्ही तिघंही उस्मानभाईंकडं बघत होतो. हो, मीसुद्धा. विज्ञानाची पदवी घेतलेली मी त्या भल्या माणसाकडं पनवतीकडं बघतात तसं बघितलं आणि ते त्यांनी पाहिलं. याची मला अजून लाज वाटते.

"चलतो," म्हणाले. या वेळी चपला घालायलाही वेळ लागला.

मी तडक अकोल्याची गाडी धरली. म्हटलं कार्डच मरतंय, दुसरं आणू. अकोल्याचं ऊन हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथं एवढंच सांगते की दुपारी दुकानं बंद असतात आणि उघडी असली तरी दुकानदार बंद असतो. एका शटरसमोर तासभर बसून मी कच्चा चिवडा खाल्ला. मुरमुरे, कच्चं तेल, तिखट, कांदा. अकोल्याला गेलात तर हे चुकवू नका, कागदात बांधून देतात. शेवटी एक दुकान उघडलं. आतल्या काकांनी कार्डाचं मॉडेल ऐकलं आणि म्हणाले, "ताई, हे आता म्युझियममदी पाह्य." म्हणजे रिकाम्या हातानं परत.

परतीच्या पॅसेंजरमध्ये पर्स उघडली तर आत मामांची वही. निघताना मामींनी कोंबली असणार. मोबाइलला रेंज नव्हती, शेजारची बाई झोपलेली, म्हणून उघडली. मामांनी गार्डाच्या सवयीनं सगळं लिहिलेलं. गार्ड माणूस, कुठं काय सुटलं आणि कुठं काय थांबलं एवढंच आयुष्यभर लिहीत आला.

'१२.०५ उस्मान आगमन. १२.१० गाडी सुटली. १२.२५ चहा. १२.४० चहा समाप्त. १२.४१ कूलर सुटला. १२.४१ गाडी बंद.'

पुढचं पान. वेळ वेगळी, ओळी त्याच. तिसरं पान. 'कूलर सुटला. गाडी बंद.'

मी सीटवरून उठलेच. शेजारची बाई दचकून जागी झाली आणि म्हणाली, "बोरगाव आलं का?"

बोरगाव यायच्या आत रेंज आली आणि मामांना फोन लावला. "मामा, कूलरचा प्लग कुठं आहे?"

"कुठं म्हंजे? कॉम्प्युटरच्याच बोर्डात. त्या खोलीत दुसरा चालू प्लग कुठं हाय?"

"आणि कूलर कोण आलं की लावता?"

"उस्मान," मामा म्हणाले आणि फोन कानाला ठेवूनच मामींना हाका मारायला लागले.

मामा-मामी स्वतःसाठी कूलर लावत नाहीत. माझ्यासाठी नाही, गल्लीतल्यांसाठी नाही, कारण ते संध्याकाळी अंगणात बसतात. भर दुपारी येणारा पाहुणा एकच, उस्मानभाई, आणि त्यांना गरमी सोसत नाही म्हणून मामी लाखमोलाच्या पाण्याच्या दोन बादल्या त्यांच्यासाठी ओततात. त्याही चहा संपल्यावर, कारण गरम चहावर गार वारा घेतला की सर्दी होते. चहा संपतो तोवर गाडी लाखपुरीजवळ आलेली असते. जुन्या कूलरची मोटर सुटताना पातळ वायरीतून इतका करंट ओढते की बिचाऱ्या कार्डाला वीज पुरत नाही आणि त्याचा संपर्क तुटतो. ड्रायव्हरचा काही दोष नाही. दोन्ही ड्रायव्हरांचा.

गूगल करून इथवर आलेल्यांनो, चार ड्रायव्हर बदलायच्या आधी बोर्डावर आणखी काय लावलंय ते बघा. मी दीड दिवस घालवलाय.

रविवारी सकाळी मामी विहारात वंदनेला गेल्या आणि मी स्वयंपाकघरातल्या जाड वायरीच्या प्लगवरून कूलरला वेगळी लाइन ओढली. दहादा चालू-बंद केला. स्क्रीन हलली नाही. पण उस्मानभाईंना आता बोलावणार कोण? मी तोंड दाखवायच्या लायकीची नव्हते.

मामांनी पांढरा शर्ट घातला. मी मागोमाग गेले. उस्मानभाईंच्या दारात मामा उभे राहिले आणि बाहेरूनच ओरडले, "उस्मान! कूलर पनवती होता बे, तू नाई!"

आतून आवाज आला, "आठ दिवस लागले तुले हे समजाले?"

"अकरा. तू रुसला त्या दिवसापासून मोज."

"अन् कूलर नसता तं? तं म्याच पनवती होतो नं?"

मामा उन्हात उभे राहिले. टक्कल तापलं असणार. मग नेहमीपेक्षा बारीक आवाजात म्हणाले, "चुकलं माह्यं. दोन सालं बनवून राह्यलो, फक्त तुले दाखवासाठी. तू नाई पाह्यली तं मंग कायले बनवली?"

दार उघडलं. "कूलर चालू ठेवशीन तं येतो," उस्मानभाई म्हणाले. माझ्याकडं बघून म्हणाले, "तू बी चल बेटा. काल लय घाबरली होती."

गाडी बाराला सुटली. चहा झाला. मामींनी कूलरचं बटण दाबलं आणि आम्ही चौघांनी श्वास रोखला. लाखपुरी आली. लाखपुरी गेली! मामींनी टाळी वाजवली. आणि नंतर ही दोन म्हातारी माणसं नुसती भांडत होती.

"बनोस्याचा निंब डाव्या हाताले होता."

"उजव्या."

"अरे डाव्या! तीस वर्सं पाह्यला."

"म्या बी तीसच वर्सं पाह्यला!"

अर्ध्या तासानं मामींच्याच लक्षात आलं. ड्रायव्हर पुढं बघत बसतो, गार्ड शेवटच्या डब्यात मागं तोंड करून. एकाच रस्त्यावरचे दोघं, एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं. मामांनी अख्खी शकुंतला गार्डाच्या डोळ्यानं बनवली होती. उस्मानभाई हसून हसून खोकले. मग म्हणाले, "तुले असं दिसे होय? मले मालूमच नव्हतं," आणि अचलपूर येईपर्यंत गप्प बसून बघत राहिले.

सोमवारी रात्रीच्या जेवणाच्या आधी मी अमरावतीत घरी पोचले. आईनं विचारलं, काय झालं होतं? म्हटलं, कूलर. ती म्हणाली, एवढ्यासाठी चार दिवस? खरं आहे. खर्च म्हणाल तर एका हॉटेलच्या जेवणापेक्षा कमी, अंगावर घामोळं आणि एक शिकवण की मामांची वही आधी वाचावी. पण आईला एक गोष्ट सांगितली नाही. सांगताना रडले असते म्हणून इथं लिहिते.

सकाळी आम्ही उस्मानभाईंना पोचवायला स्टेशनवर गेलो. त्यांना अकोल्याला गाडी बदलून पुढं जायचं होतं. सामान चढलं, ते खिडकीशी बसले. मामांच्या हातात त्यांचा जुना हिरवा झेंडा होता, गुंडाळलेला. घरून कधी घेतला मला कळलंच नाही.

उस्मानभाई खिडकीतून म्हणाले, "दाखव नं बे. तुहा झेंडा पाह्यल्याशिवाय म्या कधी गाडी हालवली का?"

मामा म्हणाले, "म्हनूनच नाई दाखवत."

गाडी हलली. मामांनी झेंडा काखेत दाबून धरला होता आणि तो त्यांनी उघडला नाही.