काळी चारची गिटार

बाबांची वाचा जाऊन तीन महिने झाले होते, तेव्हा अकोल्याच्या दवाखान्यातल्या, बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला गायला सांगितलं. लकव्यानं बाबांचा उजवा हात आणि पाय लुळा पडला होता, आणि बोलणं तर पार पुसलं गेलं होतं. कळायचं सगळं. आम्ही म्हटलेलं ऐकायचे, मान हलवायचे, डोळ्यांनी रागवायचे, पण तोंडातून निघायचं ते फक्त "ते ते ते". बाई म्हणाल्या, मेंदूची जी बाजू बोलण्याचं काम करते ती दुखावलीय, पण गाण्याचं काम दुसरी बाजूही करते. काही माणसांना बोलता येत नाही पण गाता येतं, आणि गाता गाता शब्द परत येतात. रोज अर्धा तास त्यांच्यासोबत गा. मग त्यांनी आणखी एक सांगितलं: परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं, नंतर अवघड होत जातं.

म्हणजे माझ्या हातात तीन महिने होते. मी तिथल्या तिथे बोटांवर मोजले.

बाबांसारख्या माणसाची वाचा जावी याचा मला एवढा संताप यायचा की काय सांगू. आमच्या जऊळक्यापासून रिसोडपर्यंत जयंतीचा कार्यक्रम असला की गायन पार्टीत बाबा पाहिजेतच. आमच्याकडे गाणाऱ्याची पट्टी पेटीवरून सांगतात. कोणी पांढरी एकमध्ये गातो, कोणी काळी दोनमध्ये. बाबा काळी चारमध्ये गायचे. बाप्याच्या आवाजाला ती पट्टी लय उंच. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतली म्हातारी मान डोलवायची, असा आवाज. लोक त्यांची ओळख करून देतानाच सांगायचे, हे काळी चारवाले. आणि आता त्या माणसाला तहान लागली तर तो खाटेच्या लाकडी पाटीवर डाव्या हाताची बोटं टकटक आपटायचा.

आधी आम्ही पेटीच आणली होती. बाबांचे पेटीवाले जोडीदार स्वतः घेऊन आले, खाटेजवळ बसले, भाता हलवला, आणि पहिला सूर निघाला तसं बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदे हलायला लागले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. जोडीदारांनी पेटी झाकली आणि म्हणाले, बाई, मले नाही पाहवत. पुन्हा काही ते आले नाहीत, आणि मी बोलवलंही नाही.

गिटार डोक्यात शिरली ती दवाखान्यातल्या त्या बाईंमुळेच. त्यांच्या खोलीत एक होती. पुढच्या खेपेला त्यांनी ती मांडीवर घेऊन जरा छेडली, आणि चादरीखाली बाबांच्या डाव्या पायाचा अंगठा हलला. ठेक्यात हलला. मायनं पाहिला, मी पाहिला. पेटी म्हटली की त्यात बाबांचं सगळं गेलेलं आयुष्य भरलेलं. गिटारीला आमच्या घरात कोणी ओळखतच नव्हतं, म्हणून तिच्यासमोर रडायचं कारण नव्हतं. दवाखान्यातून निघाल्यावर मायला आणि बाबांना स्टेशनवर बसवलं आणि मी बाजारात गेले. मी ब्लाउज शिवणारी बाई, वाद्याच्या दुकानाची पायरी कधी चढले नव्हते. चढले आणि दुकानदाराला सरळ सांगितलं, काळी चारची गिटार दाखवा.

हसू नका. तबला घेताना पट्टी सांगावी लागते, बासरी घेताना सांगावी लागते, तर गिटारीची नसेल असं मला काहून वाटावं? दुकानदार म्हातारा होता, भला होता. तो म्हणाला, "ताई, गिटारीले पट्टी नसते. ज्या पट्टीत लावसान त्या पट्टीत वाजते." हे वाक्य मी गाठीला बांधलं, आणि त्याच वाक्यानं माझा घात केला.

तीन-चार गिटारी त्यानं खाली काढल्या. मी त्या मापल्या. खरंच मापल्या, पर्समध्ये टेप असतोच. मोठ्या पोटाची घेतली तर माझा हात तिच्यावरून तारांपर्यंत पोचेना, म्हणून लहान अंगाची निवडली. तो म्हणे नायलॉनच्या तारांची घ्या, बोटं सोलणार नाहीत. मी म्हटलं, लोखंडी तारांचीच द्या, आवाज मोठा पाहिजे. मग त्यानं एक स्प्रिंगचा चिमटा काढला आणि सांगायला लागला की हा दांडीवर लावला की पट्टी उंच होते, तारा ओढायची गरज पडत नाही. मी मनात म्हटलं, आला लायनीवर. ब्लाउज टाकायला आलेल्या बाईच्या गळ्यात लटकन, पायपिन आणि पॅड मी स्वतः कशी मारते ते मला माहीत आहे. मला नको तुमचा चिमटा, असं ठसक्यात सांगून मी निघाले. आजही तो चिमटा आठवला की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

शिकले मोबाईलवर. मशीनच्या बाजूला मोबाईल उभा करायचा, एक ब्लाउज संपला की गिटार घ्यायची. शिकवणारा पोरगा हसत हसत म्हणायचा, सोपं आहे, आणि मला त्याला मोबाईलमधून ओढून बाहेर काढावंसं वाटायचं. सुईनं माझ्या उजव्या हाताची बोटं टणक झालेली, पण तारा दाबायच्या डाव्या हातानं, आणि तो हात मऊच राहिलेला. आठवड्यात बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. एका नवरीच्या पिवळ्या ब्लाउजच्या बाहीवर रक्ताचा ठिपका पडला आणि ती बाही उसवून नवी लावावी लागली. दारावरून जाणाऱ्या बाया थांबायच्या, काय बाई, आता बँड काढतं का, म्हणायच्या. मी त्यांना हसून उत्तर द्यायचे आणि आतून जळायचे. माझे दिवस चालले होते ना. तीन बोटं तीन जागी बसवायला मला मिनिटभर लागायचं आणि कॅलेंडरचं पान काही माझ्यासाठी थांबत नव्हतं.

महिना गेला तेव्हा कुठे मला तीन कॉर्ड न अडखळता धरता यायला लागले. चार वाजता चहा झाला की मी बाबांच्या खाटेशी बसायचे. ज्या दिवशी पहिल्यांदा तिन्ही कॉर्ड ठेक्यात वाजले त्या दिवशी मी एका जुन्या चालीवर नुसतं गुणगुणले, आणि बाबांच्या छातीतून खोल कुठूनतरी घरघर निघाली. माय पोळ्या सोडून आली.

"गाऊन राह्यले ते," माय म्हणाली.

"कन्हून राह्यले, माय," मी म्हटलं. "बाबा एवढ्या खालून कधी गायले?"

मायनं माझं ऐकलं, कारण सुरातलं मला कळतं असा घरात समज होता. मलाही तोच समज होता. मी त्या दिवशी ठरवलं की चूक गिटारीची आहे. ती बाबांच्या पट्टीत नाही. त्यांची पट्टी कानावर पडली की आवाज आपोआप वर येईल, बैलाला घरचा रस्ता दिसल्यावर तो जसा पाय उचलतो तसा. दुकानदारानं सांगितलंच होतं, ज्या पट्टीत लावसान त्या पट्टीत वाजते. मग मी लावायला घेतली.

रोज थोडी थोडी खुंटी पिळायची. मोबाईलवर पेटीचा काळी चारचा सूर लावायचा आणि तारा त्याच्याकडे ओढायच्या. बारीक तार एकदा तुटून गालावर बसली, वळ उठला. नवी तार मागवली, ती येईपर्यंत पाचच तारांवर वाजवलं. दोन आठवड्यांनी गिटार काळी चारला पोचली. आवाज कडक, चिरका, पण पट्टी बाबांची. मला एवढा आनंद झाला की मी मायला मिठी मारली.

आणि मग रोज चार वाजता मी त्या म्हाताऱ्या, आजारी माणसाचा छळ मांडला. दुसरा शब्द नाही त्याला. मी वाजवायचे, वरच्या सुरात गायचे आणि म्हणायचे, गा. बाबा तोंड उघडायचे. गळ्याच्या शिरा तट्ट फुगायच्या, डोळ्यांत पाणी यायचं, आणि निघायची ती नुसती हवा. नाहीतर खोकला. मी पाणी पाजायचे आणि पुन्हा म्हणायचे, गा. तो पहिल्या दिवशीचा घरघरणारा आवाजही बंद झाला. माझ्या लेखी तर तेही सुधारल्याचंच लक्षण होतं, कन्हणं थांबलं म्हणून.

सहावा महिना लागला. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एका दुपारी, टिनाखाली नुसती भट्टी झालेली, बाबांनी तोंड उघडलंच नाही. मी वाजवत राहिले, ते छताकडे पाहत राहिले. तेव्हा मी ओरडले. तुमी मुद्दाम नाही गात, म्हटलं. मी इकडे बोटं फोडून घेतली आणि तुमाले जिवावर येते, म्हटलं. माय आतून धावत आली आणि मला गप्प बस म्हणाली, आणि मी तिलाही बोलले. बाबांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात कडाड आवाज झाला आणि गिटारीच्या पोटावरची, तारा अडकवायची लाकडी पट्टी मुळासकट उखडून आली. सगळ्या तारा एकदम सैल पडल्या. मी त्या तारांच्या गुंत्यात हात घालून हुंदके देत बसले.

गावातल्या फर्निचरवाल्यानं ती पट्टी चिकटवून, फळ्यांत आवळून दिली. त्यानं उलट मलाच विचारलं की एवढी कायले ताणली. चार दिवस तारा लावू नको म्हणाला, आणि ते चार दिवस मी बाबांच्या खाटेकडे फिरकले नाही. माय त्यांना जेवू घालायची, मी मशीनवर मान खाली घालून बसायचे.

पाचव्या दिवशी अकोल्याची तारीख होती. गिटार सोबत नेली, तारा ढिल्याच होत्या. बाईंनी ती घेतली, स्वतः लावली, आणि कितीतरी खाली लावली. मग दोनच सुरांत, अगदी हळू, बाबांचा डावा हात हातात धरून ठेका देत म्हणाल्या, पाणी दे. पुन्हा म्हणाल्या, पाणी दे. चौथ्या का पाचव्या वेळेला बाबांच्या छातीतून तीच घरघर निघाली. तीच, जिला मी कन्हणं म्हटलं होतं. बाई थांबल्या नाहीत. घरघर वर आली, तिला आकार आला, आणि बाबांनी सुरात म्हटलं, पानी दे. आम्ही घरी म्हणतो तसं पानी. मायनं तोंडाला पदर लावला.

बाईंनी मला विचारलं की घरी कुठल्या पट्टीत गाता. मी सांगितलं. त्यांनी बाबांचा हात हळूच त्यांच्या मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "लकव्यानंतर आवाज खाली उतरतो. त्यांना जिथं जमतं तिथं आपण जायचं असतं."

त्यांनी रागावून म्हटलं असतं तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. पण त्यांनी समजावून म्हटलं. पहिल्या महिन्याच्या शेवटी बाबा गायले होते. मायला ऐकू आलं होतं. मी त्यांना गप्प केलं आणि पुढचे सगळे आठवडे, जे परत मिळणार नव्हते, त्यांना अशा जागी ओढत राहिले जिथं ते आता राहतच नव्हते. मला काळी चारवाले बाबा पाहिजे होते. खाटेवरचा माणूस मी बघितलाच नाही.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ माय बसली, मध्ये बाबा, कडेला मी. गिटार मी पायात धरली होती. माय बाबांना हळूहळू ठेका देत होती, आणि बाबा मधूनच सुरात पानी दे म्हणायचे, तहान नसताना. माय हसायची आणि बाटली पुढे करायची. मला ते बघवत नव्हतं आणि नजर काढताही येत नव्हती. जऊळका जवळ आलं, माय पिशव्या गोळा करायला उठली, तेव्हा मी धीर करून त्यांच्याकडे वळले.

"बाबा," मी म्हटलं, "माझ्यावर रागावले का?"

मला वाटलं होतं ते मान हलवतील, किंवा डावा हात डोक्यावर ठेवतील, बाप लोक ठेवतात तसा. त्यांनी तसं काही केलं नाही. बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले.

"हाव," ते म्हणाले.

सूर नाही, ठेका नाही. माणूस बोलतो तसं. सहा महिन्यांत बोललेला पहिला शब्द, आणि तो असा, की हो, रागावलो. मायच्या हातातून पिशवी पडली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि गाडी थांबायला आली होती, आणि मी त्यांचा हात धरून म्हटलं, बाबा, परत म्हणा.

त्यांनी परत म्हटलं.