मावशी कॅमेऱ्यासमोर बोलली

बुटांच्या नाड्या ती उभ्याउभ्याच बांधायची, एक पाय बाकावर ठेवून. केळं खालच्या टोकाकडून सोलायची. फ्री थ्रोच्या आधी बॉलवर दोनदा थाप मारायची, दार ठोठावल्यासारखी. दुसऱ्याच्या कपातला उरलेला चहा संपवायची. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करायची आणि स्वतः जिन्याने चढायची. "आतलं सगळं बघितलंय मी," म्हणायची. कौतुकाची वेळ आली की "ठीक होतं." बस्स.

मंगळवारी पहाटे ती झोपेतच गेली. कळलं तेव्हा मी सरावाला निघाले होते. तशीच मैदानावर पोचले. दुसरं काही सुचलंच नाही.

आमचा बास्केटबॉलचा संघ नोकरी करणाऱ्या बायकांचा. ती कॅप्टन, वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून मावशी. मी राखीव खेळाडू. साहित्यात बीए केलेलं, म्हणून तिच्या लेखी कादंबरी.

गेल्या मोसमात आम्ही एक सामना जिंकता जिंकता हरलो. बाहेर पडताना गावच्या चॅनेलवाल्याने तिच्यासमोर माइक धरला. कशामुळे हरलात? मावशीने घाम पुसला आणि सांगितलं, "आमची शूटर बॉल हातात आला की गरम भांडं धरल्यासारखी सोडून देते. नेम धरला असता तर जिंकलो असतो."

शूटर म्हणजे चिमणी. संघात सगळ्यांत बुटकी, प्राथमिक शाळेत शिक्षिका. दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गातल्या मुलांनी विचारलं, "बाई, भांडं अजून गरम आहे का?" घरी सासूबाईंनीही तो व्हिडिओ पाहिला होता. त्या काही बोलल्या नाहीत, आणि चिमणीला तेच जास्त लागलं.

सरावाला कोणी भांडलं नाही. फक्त आवाज बंद झाला. बचाव करताना पाठीमागून आडवी येऊन उभी राहणारी खेळाडू आपल्याला दिसत नाही. मागच्या मैत्रिणीने ओरडून सांगायचं असतं, डावीकडे, उजवीकडे. मावशीला कोणीच सांगेना. ती दोनदा धडकली. तिसऱ्यांदा नाकावर आपटली आणि रक्त आलं. रविवारी शेवटचा सामना होता. हरलो असतो तर खालच्या गटात गेलो असतो. पण खरी भीती वेगळी होती. चिमणी संघ सोडायचं म्हणत होती, आणि तिच्यामागून आणखी दोघी.

मी मावशीला म्हटलं, माफी माग.

"मी खोटं बोलले का, कादंबरी?" नाकावर ओला रुमाल धरून ती म्हणाली. "खरंच बोलले. पण घरातलं शेजाऱ्याच्या दारात जाऊन बोलले."

मग ती मैदानाच्या मधोमध उभी राहिली. "मला शिव्या द्या. हव्या त्या द्या. पण आवाज द्या."

खेळ पुन्हा सुरू झाला. मावशी मागे सरकत होती, पाठीमागे एकजण आडवी उभी. आणि चिमणी ओरडली, "उजवीकडे बघ, म्हशी."

मावशी अलगद बाजूने निसटली. मग काय, सगळ्याच सुटल्या. डावीकडे, गेंड्या. मागे बघ, लिफ्टवाली, अडकलीस. हसून हसून कोणाला पळवेना.

नंतर कपडे बदलताना मावशी चिमणीच्या शेजारी जाऊन बसली. "हे तुला सांगायला हवं होतं. तुझ्या शाळेतल्या पोरांना नाही. चुकलं माझं."

"आता तूही ऐक," चिमणी म्हणाली. "माझ्या हातात बॉल आला की तू ओरडतेस, टाक, टाक. म्हणून मी टाकते."

मावशी म्हणाली, "असं होय."

दुसऱ्या दिवशी ती खडू घेऊन आली. बास्केटसमोर पाच गोल काढले. चिमणीचा नेम जिथून बसतो, नेमक्या त्या जागा. म्हणाली, "यातल्या कुठल्याही गोलात तू उभी असलीस की मी तोंड उघडणार नाही."

रविवारचं मैदान दुसरं होतं. तिथे गोल नव्हते, पण चिमणीला जागा पाठ झाल्या होत्या. तिच्या हातात बॉल आला. मावशीने जर्सीचा गळा दातांत धरला. चिमणीने वेळ घेतला. बॉल आत गेला. पुढचाही गेला. आम्ही वरच्याच गटात राहिलो. चॅनेलवाला धावत आला, तेव्हा मावशीने चिमणीकडे बोट दाखवलं. "तिला विचारा. मी आज फार बोलले नाही."

खडू रोज पुसला जायचा. या मोसमात मावशीने कामावरून पिवळा रंग आणला, जरा पक्कं काम करू म्हणाली. सोमवारी अंधार पडेपर्यंत गुडघ्यांवर बसून रंगवत होती. तीन गोल झाले. चौथा अर्धा आहे. पाचवा अजून खडूचाच.