दुसरीच्या आईची गोष्ट

देवयानी पुण्याहून मेलबर्नला आली ती हॉटेल मॅनेजमेंट शिकायला, आणि रुजली एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत. तिथली सगळ्यात चालणारी टूर तिने उभी केली होती: व्हिएतनाममधल्या होई आन या जुन्या बंदराच्या गावात पायी हिंडत रस्त्यावरचं खायचं. उभी केली म्हणजे काय, तर ती तिथे गेली आणि ल्येन नावाच्या गाइडच्या मागे मागे चालली. कुठल्या गाडीवरचा पाव घ्यायचा, कुठल्या आजीच्या नूडल्स दुपारनंतर संपतात, कुणाचा फोटो काढायचा नाही, हे सगळं ल्येनचं. ल्येन वयाने मोठी, म्हणून देवयानी तिला 'ची' म्हणायची. त्यांच्याकडे ताईला तसं म्हणतात.

एका मंगळवारी बॉसने, क्रेगने, तिला रेकॉर्डिंगच्या खोलीत बोलावलं.

"आता गाइड नाही, सगळं ॲपवर," तो म्हणाला. "हेडफोन घालायचा आणि फिरायचं. इंडियन क्लायंट खूप आहेत, तर हिंदी आणि मराठी तुझ्या आवाजात."

"आणि ल्येन?"

"तिला ईमेल गेलीय."

देवयानीने मजकूर हातात घेतला. दोन परिच्छेद ठीक होते. तिसऱ्यात लिहिलं होतं, 'याच कोपऱ्यावर माझी आई काओ लाउच्या नूडल्स विकायची. एका वर्षी पुरात आमची चूल वाहून गेली. दुसऱ्या दिवशी आईने विटा मांडून नवी पेटवली.' हे तिने ल्येनच्या तोंडून ऐकलं होतं, त्याच कोपऱ्यावर उभं राहून. ट्रेनिंगसाठी म्हणून कंपनीने देवयानीकडूनच ल्येनच्या टूरचं रेकॉर्डिंग मागवलं होतं. तेच उतरवून काढलं होतं, शब्दन् शब्द.

तिने कागद क्रेगसमोर धरला.

"ही कोणाची आई?" तिने विचारलं.

"लोकांना पर्सनल टच आवडतो, मेट."

"माझी आई पौड रोडला राहते. बँकेतून रिटायर झाली. तिने चूल कधी पेटवलेली नाही."

"कॉन्ट्रॅक्टप्रमाणे कंटेंट आपलं आहे. नो वरीज."

"तिची आई कंटेंट नाही," देवयानी म्हणाली. हेडफोन टेबलावर ठेवून ती बाहेर पडली आणि संध्याकाळच्या आत राजीनामा पाठवून मोकळी झाली.

घरी टार्निटला जाणाऱ्या ट्रेनमधूनच तिने ल्येनला फोन लावला. तिला वाटलं होतं, ल्येन रडेल. ल्येन तिच्यावरच कडाडली.

"तुझ्या कंपनीने मला एका ओळीत काढलं. तू एक फोन नाही केलास."

"ची, मला आजच कळलं. आईची ती गोष्टही त्यांनी ॲपमध्ये घातलीय."

"माझ्या आईबद्दल मी तुला सांगितलं होतं. तुझ्या ऑफिसला नाही."

 तिचा स्वतःचा राग होता तेवढाच होता, पण आता तो एकट्या क्रेगवर राहिला नाही.

ॲप निघालंच. आवाज दुसऱ्या कोणाचा तरी मिळाला. देवयानीने एका कॅफेत काम धरलं आणि व्हिएतनामला निघालेल्या प्रत्येक ओळखीच्या कुटुंबाला ल्येनचा नंबर द्यायला लागली. ल्येनने स्वतःची टूर सुरू केली होती. देवयानीच्या मेसेजला ती कामापुरतं उत्तर द्यायची, बस.

पुढे एका रविवारी तिच्या मैत्रिणीकडे, मयूराकडे, बार्बेक्यू होता. मयूरा नुकतीच होई आनहून आली होती.

"तू दिलेला तो नंबर सापडलाच नाही गं, मग ॲपच घेतलं," ती कणसं उलटत म्हणाली. "पण त्यातली आईची गोष्ट काय टचिंग होती. पूर, चूल. मला रडूच आलं."

"जिची आई होती, ती त्याच गावात आहे," देवयानी म्हणाली. "तिला काढून टाकलं. तिची गोष्ट ठेवून घेतली. तू त्यावर रडलीस."

मयूराचा चेहरा उतरला. "मला काय माहीत?"

"आता माहीत आहे."

परत येताना यतिन, तिचा नवरा, गाडी चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "तिची काय चूक होती? जरा जास्तच बोललीस."

"नाही," देवयानी म्हणाली. "क्रेगला कमी बोलले."