वहिनींची टिंबं

"अक्का होदर्री…" धारवाडहून आलेला अण्णांचा शेजारी माझ्या हुबळीच्या कचेरीच्या दारात उभा राहून म्हणाला. अक्का गेल्या. मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं गेल्या?" अक्कांना, म्हणजे माझ्या वहिनींना, कधी साधं पडसंही झालेलं आठवत नव्हतं. सकाळी रांगोळी घालताना त्या खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. इतके आठवडे झाले, पण माझा तो प्रश्न अजून संपलेला नाही.

माझे थोरले बंधू अण्णा संस्कृतचे मास्तर. काचबिंदूनं वर्षभरात त्यांची दृष्टी गेली, शाळा सुटली, बोलणंही सुटलं. वहिनींनी मुंबईहून अंधांच्या लिपीची पाटी आणि टोचा मागवला. जाड कागदावर उलट्या बाजूनं टिंबं टोचायची, कागद पालटला की ती बोटांना लागतात. अण्णांनी पाटी भिरकावली. "या वयात मी धुळाक्षरं गिरवू?" वहिनींनी पाटी उचलून ठेवली. दुपारी डोळ्यांवर पदर बांधून त्या स्वतःच शिकायला बसल्या. मग अण्णांना ऐकू जाईल अशा बेतानं टिंबांवरून बोट फिरवत श्लोक वाचायच्या, आणि चुकीचा वाचायच्या.

दोन-चार दिवस अण्णांनी सोसलं. शेवटी ओरडले, "अगं, विसर्ग कुठाय?"

"इथं तर दिसत नाही बाई. तुम्हीच बघा."

अण्णांनी बोट टेकवलं… ते पुन्हा उचललंच नाही. पुढे वहिनींनी अख्खं पाठ्यपुस्तक टोचून दिलं आणि अण्णा पुन्हा वर्गात उभे राहिले. आधी कोण जाणार, याचा विचार आम्ही सगळ्यांनी मनात करून ठेवला होता. तो साफ चुकला.

परवा गेलो तर अण्णा म्हणाले, "बस, चहा करतो." जन्मात ते चुलीपाशी गेले नव्हते. फळीवरच्या पत्र्याच्या डब्यावर हात ठेवला आणि थबकले. झाकणाला आतून खिळा ठोकून टिंबं उठवलेली होती. "साखर," ते वाचू लागले. "चहा… मीठ…" मग माझ्याकडे तोंड वळवून म्हणाले, "अरे, हिनं हे केलं कधी?"

शेवटच्या झाकणावर त्यांचं बोट बराच वेळ फिरत राहिलं. "लाडू. एकच घ्या."

सुतकात त्या डब्याला कुणी हात लावला नव्हता. अण्णांनी एकच लाडू काढला, अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. लाडवाला खवट वास येत होता. आम्ही दोघांनी तो खाल्ला.