स्टिरिओवाले शेजारी

पापडी गावातले आमचे शेजारी आखातातून दोन स्पीकरांचा टेप घेऊन आले, तेव्हापासून ‘स्टिरिओ’ हा शब्द जिभेवर घोळवतात. दोन्ही स्पीकर मात्र, दोन बाजूंना ठेवायचे सोडून, शोकेसमध्ये एकावर एक रचलेले, वर क्रोशाचा रुमाल.

परवा मागच्या आळीतल्या मावशी आपल्या मस्कतच्या मुलाने आवाज भरून पाठवलेली कॅसेट घेऊन शेजाऱ्यांकडे गेल्या.

“ही मोनो आहे. लावली तर माझ्या टेपचं हेड जाईल,” शेजारी म्हणाले.

मोनो म्हणजे एकाच वाटेने भरलेला आवाज; अशी कॅसेट कुठल्याही टेपवर वाजते. मी मावशींना घरी आणलं आणि माझा एका स्पीकरचा जुना टेप लावला.

“आये, जेवली का?” मुलाने विचारलं.

“जेवले रे,” मावशी टेपला म्हणाल्या.

शेजारी दारात येऊन उभेच होते. “एकाच बाजूने आवाज येतोय.”

“मुलगाही एकच आहे,” मी म्हणाले आणि दार लोटलं.