माझा म्हातारा जिता हाय

गोरेगावहून सेनगावला जाताना जीपमधी एक बांगडीवाला माझ्या मांडीला मांडी लावून बसला. त्याच्या मोबाइलवर चिनी सिनेमा चालू होता, दोन घराण्यांचं भांडण, बराबर आमच्या भावकीसारखं. मीबी डोकावलो. मरून मरून शेवटी दोन म्हातारे उरले. पांढऱ्या दाढीवाला मी माझा धरला. दोघांनी तलवारी उपसल्या अन् मोबाइलच बंद पडला.

"माझ्या म्हाताऱ्याचं काय झालं?"

"दाखवतो की, बाबा!"

सेनगावला उतरून त्यानं बांगड्यांची पेटी खाली ठेवली, माझी काठी घेतली अन् भर स्टँडवर दोन्ही म्हातारे होऊन एकटाच लढला. शेवटी दोघंबी दमून हसत खाली बसले.

"खरंच असं हाय?"

"मलाबी ठाऊक न्हाई, बाबा. पण माझ्या हातून कोणी मरत न्हाई."

नातू खरा शेवट दाखवतो म्हणून मागं लागलाय. मी बघत न्हाई.